लोणीबोळ, किलकेनी

आयर्लंडमधल्या किलकेनीत राहायला आले त्याला आता सहा वर्षं होतील. त्यातले पहिले सात-आठ महिने मी या गावात फक्त भाजी आणली. ऑफिस, घर आणि स्टेशनला लागून असलेला मॉल, एवढंच माझं किलकेनी. मॉलचं नाव मॅकडोना जंक्शन. आत काचेचं छत, सरकते जिने, मुलांचे कपडे, मोबाइलची कव्हरं, म्हणजे कुठल्याही मॉलमध्ये असतं ते सगळं. एका अंगाला मात्र करड्या दगडाच्या जुन्या इमारती, जाड भिंती आणि भिंतीच्या मानानं लहान वाटाव्यात अशा खिडक्या. स्टेशन शेजारीच, त्यामुळे मी धरून चालले होते की रेल्वेची जुनी गोदामं असतील. पाऊस आला की त्या भिंतीच्या आडोशाला पिशव्या खाली ठेवायच्या, छत्री उघडायची आणि घरी यायचं. किती वेळा केलं असेल, गणती नाही.

ती गोदामं नव्हती. पण ते कळण्याआधी मला गाव पायी फिरावं लागलं.

आयर्लंडमध्ये दर ऑगस्टमध्ये हेरिटेज वीक असतो. गावोगावी लोक फुकट फिरवून आणतात, जुनी घरं उघडी ठेवतात, कुणी दगडी कुंपण रचून दाखवतं, कुणी वटवाघळं दाखवायला नेतं. ऑफिसातली एक बाई म्हणाली, चल, नाहीतरी शनिवारी तू काय करतेस. गेले. आम्हाला फिरवणारा माणूस साठीच्या पुढचा, इथल्या दारूभट्टीत उमर काढून निवृत्त झालेला. त्यानं सुरुवातच अशी केली, की किल्ला तुम्ही माझ्याशिवायही बघाल, एवढा मोठा आहे, चुकणार नाही. मी तुम्हाला बोळ दाखवतो.

इथे बोळांना 'स्लिप' म्हणतात. वरचा रस्ता हाय स्ट्रीट, खालचा सेंट कीरन स्ट्रीट, आणि दोन्हींच्या मधे उतरणारे हे अरुंद दगडी बोळ. त्यातला सगळ्यात लाडका बटर स्लिप, 1616 सालचा. तोंडाशी कमान, आत पायऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. इथे लोणी विकणाऱ्या बायका बसत. बोळात ऊन येत नाही म्हणून बसत असाव्यात, हा माझा अंदाज. लोणी विकायचं तर अशीच जागा हवी. मी मनातल्या मनात त्याचं नाव लोणीबोळ करून टाकलं. नाव आपल्या भाषेत आलं की गाव जरा सैल सोडतं आपल्याला.

त्या दिवशी पाऊस होऊन गेला होता आणि पायाखालचे दगड काळेभोर दिसत होते. किलकेनीला 'मार्बल सिटी' म्हणतात. खरं तर तो संगमरवर नाहीच, चुनखडीचा दगड आहे. कोरडा असताना राखाडी, घासला किंवा भिजला की काळा. गावाबद्दल एक जुनी बढाई आहे: धुराविना विस्तव, धुक्याविना हवा, चिखलाविना पाणी आणि संगमरवराचे रस्ते. विस्तवाचं खरं आहे, जवळच्या कासलकोमरच्या खाणीतला कोळसा अँथ्रासाइट, तो धूर करत नाही. धुक्याचं म्हणाल तर नोव्हेंबरात इथे येऊन बघा. आमच्या वाटाड्यानं पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी एका फरशीवर ओतलं आणि बुटाच्या टोकानं दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या रेघा, अर्धचंद्र, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी. प्रवाळ आणि शिंपले. 30 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताजवळच्या उथळ, कोमट समुद्राखाली होती, त्यातले हे जीव. लोक त्यांच्यावरून बँकेत जातात, पोरं त्यांच्यावर आइस्क्रीम सांडतात. पाणी वाळलं आणि नक्षी गेली. तेव्हापासून पाऊस पडून गेला की मी खाली बघत चालते.

किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो खरंच माझ्याशिवायही दिसेल. विल्यम मार्शल या नॉर्मन सरदारानं बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर दगडात बांधला. 1391 मध्ये बटलर घराण्यानं विकत घेतला आणि जवळजवळ पावणेसहाशे वर्षं त्यांच्याकडे राहिला. शेवटी वारसदाराला झेपेना, तेव्हा 1967 मध्ये त्यानं तो गावाला 50 पौंडांना देऊन टाकला. मला या सगळ्यात आवडलं ते आडनाव. बटलर हे यांचं मूळ नाव नव्हे, हुद्दा. आयर्लंडचा मुख्य बटलर, राजाला मद्य देणारा मानकरी. मानाबरोबर हक्कही आला, बंदरात उतरणाऱ्या वाइनमधला वाटा. तो हक्क 1811 मध्ये सरकारनं त्यांच्याकडून 2,16,000 पौंड मोजून परत घेतला, म्हणजे वतन चांगलंच होतं. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस झाले ते असेच. काम सुटतं, आडनाव राहतं.

किल्ला चौकोनी असायला हवा तर एक बाजूच नाही. 1650 मध्ये क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या तोफांनी खाल्ली. त्याआधी काही वर्षं हेच गाव बंडखोर कॅथलिक आयर्लंडची राजधानी होतं, पोपचा वकील इथे येऊन राहिला होता. ते सगळं वाटाड्यानं एका चौकात दोन मिनिटांत उरकलं. त्याला पुढच्या गोष्टीची घाई होती आणि आता इतक्या वेळा ऐकल्यावर मलाही असते.

पण मधे एक कायदा आहे, तो सोडवत नाही. 1366 मध्ये इथे भरलेल्या पार्लमेंटनं ठरवलं की आयर्लंडमध्ये येऊन राहिलेले इंग्रज फार आयरिश व्हायला लागलेत, हे थांबलं पाहिजे. आयरिश बोलायचं नाही, आयरिश मुलीशी लग्न करायचं नाही, आपली मुलं आयरिश घरात वाढवायला द्यायची नाहीत, आयरिश भाटांना आणि गोष्टी सांगणाऱ्यांना दारात उभं करायचं नाही, खोगिराशिवाय घोड्यावर बसायचं नाही आणि काठीनं चेंडू मारण्याचा तो खेळ खेळायचा नाही. इंग्रजीपण जपण्यासाठी केलेला हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये, कारण दरबाराची भाषा ती. आणि तो काठीचा खेळ म्हणजे हर्लिंग. आज हर्लिंगमध्ये किलकेनीएवढी राष्ट्रीय विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याही परगण्याकडे नाहीत, 36 आहेत. उन्हाळ्यात प्रत्येक दुकानावर काळे-पिवळे झेंडे, आणि फुटपाथवर सात-आठ वर्षांची पोरं हातात काठी घेऊन, चेंडू तिच्या पात्यावर नाचवत शाळेतून घरी चाललेली. ज्या गावात बंदी घातली त्याच गावात. माझा मुलगाही आता त्यांच्यातलाच. घरात दोन काचा गेल्यात.

आता ती गोष्ट.

सेंट कीरन स्ट्रीटवर एक जुनं दगडी हॉटेल आहे, कायटलर्स इन. तळघर थंडगार, पर्यटक कायम. ॲलिस कायटलर या बाईच्या नावाचं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ही या गावातली बडी असामी. व्याजबट्ट्याच्या घरातली, चार नवरे केलेली. पहिला सावकार, मग दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाची इस्टेट तिच्याकडे किंवा तिच्या पहिल्या मुलाकडे, विल्यमकडे, सरकत गेली. सावत्र मुलं खवळली. चौथा नवरा आजारी पडला, केस गळाले, नखं गळाली, तेव्हा त्यांनी बिशपकडे धाव घेतली. बिशप रिचर्ड लेड्रेड हा इंग्लंडहून आलेला, फ्रान्सिस्कन पंथाचा भिक्षू, पोपचा दरबार तेव्हा फ्रान्समधल्या आविन्यॉनला होता तिथली हवा खाऊन आलेला, आणि पाखंड शोधायला तिथूनच शिकून आलेला. 1324 मध्ये त्यानं खटला उभा केला. सैतानाला कोंबडे कापले, चौकात मंत्र घातले, कवटीत काढे उकळले. आरोपांतला एक मला विसरता येत नाही. ही बाई म्हणे संध्याकाळी रस्त्यावरचा सगळा केर लोटत लोटत आपल्या मुलाच्या दारापर्यंत न्यायची आणि पुटपुटायची, किलकेनीची सगळी संपत्ती माझ्या विल्यमच्या घरी जाऊ दे. आपल्याकडे तिन्हीसांजेला केर काढू नये, लक्ष्मी जाते म्हणतात. इथली बाई तोच केर मुलाकडे वळवत होती!

ॲलिसचे संबंध मोठे होते. तिच्या चौथ्या नवऱ्याच्या भावकीतला एक अधिकारी होता, त्यानं उलट बिशपलाच पकडून 17 दिवस किल्ल्यात डांबलं. बिशप सुटला, पुन्हा पेटला. शेवटी ॲलिस रातोरात गाव सोडून गेली. समुद्रापलीकडे, बहुधा इंग्लंडला. नंतर तिचं नाव कुठे लागत नाही. मुलगा विल्यम सापडला, त्याला प्रायश्चित्त मिळालं: रोज तीनदा प्रार्थनेला हजर राहायचं, गरिबांना जेवू घालायचं आणि कॅथीड्रलच्या छपराला शिसं चढवून द्यायचं. त्यानं चढवलं. 1332 मध्ये कॅथीड्रलचा मनोरा खाली आला. शिशाच्या ओझ्यानंच कोसळला असं गाव आजही मिटक्या मारत सांगतं.

आणि पेट्रोनिला. पेट्रोनिला डी मीथ, ॲलिसची मोलकरीण. ती सापडली. तिला सहा वेळा फटके मारले, मग ती हवं ते सगळं बोलली, आणि 3 नोव्हेंबर 1324 रोजी तिला गावात लोकांसमोर जाळलं. जादूटोण्याच्या आरोपाखाली आयर्लंडमध्ये जाळलेली ती पहिली.

कॅथीड्रलमध्ये बिशप लेड्रेडची समाधी आहे, दगडात कोरलेला, हात जोडून, शांत निजलेला. त्यानं 60 लॅटिन भक्तिगीतं रचली आणि ती लोकांच्या तोंडी असलेल्या ऐहिक गाण्यांच्या चालींवर बेतली, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या तोंडातली चवचाल गाणी सुटावीत. नाट्यपदाच्या चालीवर अभंग म्हणणाऱ्या आपल्या भजनी मंडळांना हा माणूस एका बाजूनं कळला असता. ॲलिसच्या नावाचं हॉटेल आहे. पेट्रोनिलाला काय? वाटाड्या म्हणाला, तिला शोधायचं तर न्यूयॉर्कला जा. ते खरं आहे. ब्रुकलिनच्या संग्रहालयात एका कलाकृतीत इतिहासातल्या 39 स्त्रियांसाठी पानं मांडली आहेत, त्यातलं एक पेट्रोनिलाचं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाढली असतील तिचं.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली तीन महिन्यांसाठी. पाचवारी साडी, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. तिला मी तोच सगळा फेरा घडवला, फक्त वाटाड्या मी. पेट्रोनिलापाशी आल्यावर ती थांबली.

"आणि मालकीण?"

"पळाली."

"पळणारच. तिला जायला घर होतं कुठंतरी. हिला कुठलं?"

मग मी सांगितलं, की पेट्रोनिलाला एक मुलगी होती, बॅसिलिया. तिला ॲलिसनं पळताना बरोबर नेलं.

"लेक वाचली म्हण की," आई म्हणाली, आणि चालायला लागली. मी ही गोष्ट तोवर चार-पाच वेळा ऐकली होती, दोन वेळा लोकांना सांगितलीही होती. बॅसिलियाचा विचार मी कधी केलाच नव्हता.

नदीच्या अंगाला, नोअरच्या काठी, फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष आहेत. तेराव्या शतकातला मठ, आता एक सडसडीत मनोरा आणि सात भागांची उंच पूर्वखिडकी, तिच्यातून नुसतं आभाळ. या मठाच्या आवारात 1710 मध्ये दारूभट्टी सुरू झाली आणि तीनशे वर्षं तिथे बिअर बनली. 2013 मध्ये ती बंद झाली, उत्पादन डब्लिनला गेलं. तोवर मठ भट्टीच्या फाटकाच्या आत होता, टाक्या आणि पिंपं यांच्या गराड्यात. आमचा वाटाड्या त्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं डबा खायचा. त्याला भट्टी बंद पडल्याचं वाईट वाटतं आणि मठ मोकळा झाल्याचं बरं वाटतं, आणि दोन्ही एका वाक्यात सांगताना त्याची जरा गडबड होते.

या मठात जॉन क्लिन नावाचा एक भिक्षू होता. तो बखर लिहायचा. कोरडी, सालवार: अमका सरदार मेला, तमक्यानं गुरं पळवली, यंदा पाऊस फार. मग 1348-49 येतं, आणि काळी प्लेग येते. क्लिन आकडे टिपतो. नाताळपासून 6 मार्चपर्यंत या गावातले डॉमिनिकन पंथाचे आठ भिक्षू गेले. डॉमिनिकनांचा तो मठ, ब्लॅक ॲबी, दहा मिनिटांवर आहे, अजून चालू आहे, दारात जुन्या दगडी शवपेट्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्यात पावसाचं पाणी साठतं. घरात एकच माणूस गेला असं क्वचितच झालं, क्लिन लिहितो. नवरा, बायको, मुलं, नोकर एकाच वाटेनं गेले. आणि मग तो स्वतःबद्दल लिहितो. मेलेल्यांच्या मधे मरणाची वाट बघत मी हे लिहून ठेवतो आहे. लिहिणाऱ्याबरोबर लिखाण मरू नये म्हणून पुढच्या कामासाठी चर्मपत्र ठेवून जातो, न जाणो आदमच्या वंशातला कुणी वाचलाच आणि त्याला हे पुढे न्यायचं असेल तर. त्यानंतर दोन-चार शब्द, आणि त्यापुढे वेगळ्या माणसाची नोंद: लेखक इथे वारला असं दिसतं.

मूळ पोथी गेली, नकला उरल्या. मला त्यातलं सगळ्यात काय लागलं असेल तर ते कोरं चर्मपत्र. वासराचं किंवा मेंढीचं कातडं, चुन्यात भिजवलेलं, ताणलेलं, घासलेलं. महाग वस्तू. सगळं गाव मरत असताना तो माणूस कोरी पानं मोजून बाजूला ठेवतो.

आईला मी मॉलमध्ये सगळ्यात शेवटी नेलं, आणि नेलं तेही भाजीच्या निमित्तानं. तोवर मला त्या दगडी इमारती काय आहेत ते कळलं होतं.

ते वर्कहाउस होतं. 1842 मध्ये उघडलेलं. ज्याच्याकडे काही उरलं नाही त्यानं इथे यायचं, काम करायचं, आणि त्या बदल्यात खायचं. पुरुषांनी खडी फोडायची, बायकांनी जुने दोरखंड उकलायचे. आत गेल्या गेल्या कुटुंब फोडायचं, बाप एका आवारात, आई दुसऱ्या, मुलगे तिसऱ्या, मुली चौथ्या. मुद्दामच असं, म्हणजे फार गरज असल्याशिवाय कुणी येऊ नये. किलकेनीचं वर्कहाउस 1300 माणसांसाठी बांधलं. मग 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला. गरीब आयरिश माणूस तीनही वेळा बटाटाच खात होता, बाकी जे पिकायचं ते खंडापायी जायचं. पाच-सात वर्षांत देशात सुमारे 10 लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. 1851 मध्ये या वर्कहाउसच्या पटावर 4,000 हून जास्त नावं होती. गावातल्या दफनभूमी भरल्या, तेव्हा आवारातच खड्डे काढले.

ते खड्डे लोक विसरले. दीडशे वर्षांनी, 2005 मध्ये, मॉलचं काम निघालं तेव्हा सापडले. 63 खड्डे, त्यात किमान 970 माणसं, 1847 ते 1851 मधली. निम्म्याहून जास्त मुलं. पुरातत्त्वाच्या लोकांनी एकेक हाड काढलं, तपासलं. निम्म्याहून जास्त सांगाड्यांवर स्कर्व्हीच्या खुणा होत्या. बटाट्यातून सी जीवनसत्त्व मिळत होतं, बटाटा गेला आणि त्याच्या जागी जे आलं त्यात ते नव्हतं. काहींच्या वरच्या-खालच्या दातांत मिळून एक गोल खाच, मातीच्या चिलमीची नळी वर्षानुवर्षं एकाच जागी धरून पडलेली. त्या खाचेनं मला गप्प केलं. 970 हा आकडा आहे. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात चिलीम धरायची सवय म्हणजे कुणीतरी आहे.

2010 मध्ये ती हाडं मॉलच्याच आवारात पुन्हा पुरली. तिथे छोटी बाग आहे, बाकं आहेत. नावं नाहीत. कुठलं हाड कुणाचं हे सांगता येणं शक्यच नाही.

आई बाकावर बसली, भाजीची पिशवी मांडीवर. मी तिला सांगत होते, 1847 मध्ये सरकारनं नियम काढला, पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला मदत नाही, आधी जमीन सोडायची मग खायला मिळेल.

"पाव एकर म्हंजे?"

"दहा गुंठे."

"दहा गुंठ्यावर?" ती म्हणाली. "दहा गुंठ्याचा माणूस श्रीमंत?"

आईचं माहेर माण तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात ती दहा वर्षांची. हे आम्हाला माहीत होतं, पण आपल्या आईचा दुष्काळ आपल्याला जसा माहीत असतो तसाच, म्हणजे तिनं ताटातलं टाकू दिलं नाही की तेवढ्यापुरता. त्या बाकावर ती बोलत राहिली. आजी खडी फोडायला जायची. सगळा गाव जायचा, ज्यांच्याकडे बैल होते तेही. कामावर सुकडी मिळायची, ती आजी खायची नाही, पदरात बांधून आणायची. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतली लाल ज्वारी. "भाकरी थापायला घेतली की कडंनं फुटायची. आई म्हणायची, हे जनावराचं असणार. आमी खाल्लं. पण आमी मेलो न्हाई गं. मरू दिलं न्हाई."

मी तिला सांगितलं, की इथेही अमेरिकेतून धान्य आणलं होतं. मका. त्या पिठाला इथे 'इंडियन मील' म्हणायचे. ती हसली, आपलं नाव कशाला. आपलं नाही, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं, पण ही कोलंबसाची चूक कुठे कुठे पोचली बघ. लोकांना तो मका शिजवायचा कसा हे माहीत नव्हतं, अर्धा कच्चा खाल्ला की पोटं बिघडायची. वर्कहाउसमध्ये त्याची लापशी करायचे. आईनं विचारलं, म्हणजे घाटा? हो, घाटा. या 970 पैकी 42 जणांच्या दातांवरचं कीटण शास्त्रज्ञांनी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यात सगळ्यात जास्त मक्याच्या पिठाचे कण सापडले, मग ओट, गहू, थोडा बटाटा. दुधाची खूणही होती. माणूस गेला, नाव गेलं, शेवटचं खाणं दातावर राहिलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आईला सांगितली नाही. तिला ती सांगायला मला माझंच अजून नीट लावता आलेलं नाही. हे खड्डे भरत होते, त्यातलंच एक वर्ष 1849. त्या वर्षी या गावात एक मंडळ स्थापन झालं, किलकेनी आर्किऑलॉजिकल सोसायटी. जेम्स ग्रेव्ह्ज हा एक धर्मगुरू आणि जॉन प्रिम हा वर्तमानपत्रवाला, यांचा पुढाकार. पडके मठ, जुन्या समाध्या, दप्तरं हे सगळं नाहीसं होतंय, ते वाचवलं पाहिजे. त्या मंडळातूनच पुढे पुराणवस्तूंचा अभ्यास करणारी देशातली एक मोठी संस्था उभी राहिली. आज मी ज्या दगडांवरून लोकांना फिरवते ते उभे आहेत यात त्यांचा मोठा वाटा आहे. पहिल्यांदा ते साल वाचलं तेव्हा मला संताप आला. वीस मिनिटांच्या अंतरावर पोरं पुरतायत आणि तुम्ही समाध्यांवरची अक्षरं उतरवताय? त्यानंतर कळलं, की क्लिनची बखर पहिल्यांदा छापून आली, डब्लिनमध्ये, तीही 1849 मध्येच. चर्मपत्र ठेवलं त्याला बरोबर पाचशे वर्षं. म्हणजे आदमच्या वंशातलं कुणीतरी वाचलं होतं, आणि त्यानं ते काम हातात घेतलं ते नेमकं दुसऱ्या मरणाच्या मधोमध. तेव्हापासून माझा संताप गेला असं नाही, पण तो कुणावर काढायचा ते कळेनासं झालं. त्या वर्षी मी इथे असते तर माझ्या हातात काय असतं, घाट्याचा डाव की समाधीवरचं अक्षर उतरवायचा कागद? मला दुसऱ्याचीच भीती वाटते.

त्या दिवशी मॉलमधून निघताना आईनं सुपरमार्केटातल्या फडताळावरून मक्याच्या पिठाचं एक पाकीट उचललं. मी म्हटलं, अगं, घरी ज्वारीचं आहे, डब्लिनहून आणलंय. ती म्हणाली, असू दे.

संध्याकाळी तिनं परात घेतली, पाणी उकळून घेतलं, पीठ मळलं. मुलगा काठी बाजूला टाकून ओट्याशी येऊन उभा राहिला. आई थापायला लागली. हात तोच, ठेका तोच, पण भाकरी तळहाताएवढी होते न होते तोच कडेनं चीर गेली. तिनं पाण्याचं बोट फिरवून ती बुजवली, परातीला अर्धा फेरा दिला, पुन्हा थापलं. दुसऱ्या बाजूनं चीर.

"अशीच फुटायची," ती म्हणाली.

तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. तिनं ते तसेच जुळवून भाजले आणि आम्ही ते दुधात कुस्करून खाल्ले.